सॅम मलूफ : कार्डावर एकच शब्द

तळकोकणी

आज 24 जानेवारी, सॅम मलूफ यांचा जन्मदिवस. खुर्च्या करणारा माणूस. आपल्याकडे लाकूडकामाचा नाद असलेल्या चार जणांपलीकडे हे नाव फारसं कुणाच्या कानावर गेलं नसेल, म्हणून हा धागा काढतोय.

आधी माझं सांगतो. माझे बाबा सुतार. कुडाळजवळच्या आमच्या गावात घराच्या पडवीतच त्यांचं काम चालायचं. शाळेच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय लिहायची वेळ आली की मी ‘स्वतःचा धंदा’ असं लिहायचो. सुतार हा शब्द मी बारावीपर्यंत एकाही कागदावर लिहिला नाही. बाबांना हे ठाऊक होतं. ते कधी काही बोलले नाहीत.

गेली काही वर्षं मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो. सॅन गॅब्रिएलच्या डोंगरांच्या पायथ्याशी रँचो कुकामाँगा म्हणून शहर आहे, त्यातला आल्टा लोमा हा भाग. तिथे मलूफ यांचं घर संग्रहालय म्हणून जपलंय. घरी पाहुणे आले होते, त्यांना काहीतरी दाखवायला हवं म्हणून गेलो आणि आतल्या एका दारापाशी थबकलो. दाराची कडी लाकडाची. हाताने कोरलेली, अंगठा नेमका जिथे पडेल तिथे खोलगट. पुढच्या दाराची कडी वेगळी, त्याच्या पुढच्या दाराची आणखी वेगळी. बिजागऱ्यासुद्धा लाकडाच्या. पाहुणे पुढे निघून गेले, मी कड्याच बघत राहिलो. आमच्या माजघराच्या दाराला बाबांनी बसवलेली आयनाच्या लाकडाची कडी अशीच होती. रोज हात लागून लागून तिला जी चकाकी आली होती, तीच इथे दिसत होती.

मलूफ यांचे आईवडील लेबनॉनहून आलेले. 1916 साली कॅलिफोर्नियातल्या चिनो गावात जन्म, नऊ भावंडांत सातवे. इंग्रजीच्या आधी त्यांना अरबी आणि स्पॅनिश येत होतं. पोरवयात आईला भट्टीतली रोटी उलटायला त्यांनी लाकडाचं उलथणं करून दिलं, बहिणींसाठी बाहुलीघरातलं सामान केलं. सुतारकामाच्या शाळेत मात्र ते कधी गेले नाहीत. अक्षर सुरेख, चित्रकला उत्तम, त्यावर एका कारखान्यात रेखाटनाची नोकरी मिळाली. आणि मग 1941 मध्ये सैन्यात भरतीचा हुकूम आला.

त्यांची रवानगी झाली अलास्कात, अल्यूशियन बेटांवर. पॅसिफिकच्या उत्तर टोकाला पसरलेली ही बेटं. धुकं, चिखल, माणसाला आडवं करणारा वारा. आणि तिथे झाडच नाही. डोळ्यांना दिसतं ते ओलं गवत आणि खडक. ज्या माणसाचं उरलेलं सगळं आयुष्य लाकडात गेलं, त्याची ऐन पंचविशी-तिशीतली वर्षं बिनझाडांच्या मुलखात गेली. मला ही गोष्ट राहून राहून आठवते. तिथे रेखाटनाचा हातच कामी आला. मास्टर सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत चढून 1945 मध्ये ते परतले.

आल्यावर क्लेअरमाँटमध्ये मिलार्ड शीट्स या चित्रकाराकडे मदतनीस म्हणून लागले. 1948 मध्ये अल्फ्रेडा वॉर्डशी लग्न झालं. आँटॅरिओ गावात लहानसं घर होतं, सामान घ्यायला पैसा नव्हता. मग काँक्रीट ओतताना साच्याला वापरतात तसलं प्लायवुड आणि रेल्वेच्या वाघिणीत माल हलू नये म्हणून अडकवलेले ओकचे ओंडके गोळा करून त्यांनी घराचं सामान स्वतःच केलं. टाकाऊ माल, पण बेत असा की 1951 मध्ये एका मोठ्या गृहसजावटीच्या मासिकाने त्याचे फोटो छापले. लोक विचारायला लागले. नोकरी सुटली आणि धंदा सुरू झाला.

1952 मध्ये हेन्री ड्रेफस या नावाजलेल्या औद्योगिक डिझायनरने आपल्या घरासाठी पंचवीसेक वस्तूंची ऑर्डर दिली. पुढच्या वर्षी हे जोडपं आल्टा लोमाच्या लिंबाच्या बागेत राहायला आलं. हातात पैसा आला की एक खोली वाढायची. असं करत करत ते घर झालं.

1985 मध्ये मॅकआर्थर फेलोशिप, म्हणजे असामान्य काम करणाऱ्यांना मिळणारी अमेरिकेतली मानाची शिष्यवृत्ती, मिळालेले ते पहिले कारागीर. कार्टर आणि रेगन या दोन अध्यक्षांकडे त्यांच्या डुलत्या खुर्च्या होत्या. लोक त्यांना कलावंत म्हणत, डिझायनर म्हणत. त्यांच्या कार्डावर नावाखाली एकच शब्द होता : वुडवर्कर. त्यांना तो पुरेसा वाटायचा, नव्हे, तोच हवा असायचा. संग्रहालयातल्या माणसाने हे सांगितलं तेव्हा मला शाळेचा तो अर्ज आठवला. पुढचं त्या दिवशी मी काही ऐकलं नाही.

21 मे 2009 रोजी ते गेले. वय त्र्याण्णव. नव्वदी उलटल्यावरही कारखान्यात उभे राहत होते.

कुणी त्यांचं काम पाहिलं असेल, कुणाच्या घरात असा कारागीर असेल, तर इथे लिहा.

रानजाई

फार मनापासून लिहिलंय. माझे वडील माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सुतार होते, त्यामुळे वाघिणीतल्या ओंडक्यांपाशी मी थांबलेच. आमच्या घरातला पाट, पोळपाट, देव्हारा सगळं तशाच उरलेल्या लाकडाचं होतं. लाकूड कुठून आलं हे आई प्रत्येक पाहुण्याला सांगायची.

अल्फ्रेडाबद्दल अजून लिहाल का? पन्नासच्या दशकात नवऱ्याने पगार सोडून खुर्च्या करायच्या म्हटलं, तर घर चालवलं कुणी?

तळकोकणी

@रानजाईताई, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

अल्फ्रेडा स्वतः चित्रकलेतल्या. लग्नाआधी सान्ता फेच्या आदिवासी मुलांच्या शाळेत कला शिकवायच्या. मूळ अमेरिकी कुंभारांची मडकी, विणलेल्या घोंगड्या, टोपल्या यांनी ते घर भरलंय, ती नजर त्यांची. धंद्याचा हिशेब, गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार त्याच बघायच्या. मलूफ कुणाला नाही म्हणायचे नाहीत, त्यामुळे भाव ठरवायलाही घरात कुणीतरी खंबीर हवं होतं. आज तिथल्या प्रतिष्ठानाच्या नावात सॅम आणि अल्फ्रेडा अशी दोन्ही नावं आहेत, आणि ते योग्यच आहे.

खडकीवाला

मी बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीतून, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आमच्या पलटणीत सुतार, लोहार, गवंडी असे सगळे हात असतात. पूल बांधायचा तर बंदुकीइतकीच करवतही लागते.

अल्यूशियन बेटांबद्दल थोडं. दुसऱ्या महायुद्धातल्या तिथल्या लढाईला विसरलेली लढाई म्हणतात. जून 1942 मध्ये जपान्यांनी अट्टू आणि किस्का ही दोन बेटं घेतली. मे 1943 मध्ये अट्टू परत घेताना अमेरिकेचे 549 सैनिक पडले, आणि थंडीने, ओल्या बुटांत पाय सडून निकामी झालेले शेकड्यांनी. ऑगस्टमध्ये किस्कावर मोठी फौज उतरली तर बेट रिकामं. जपानी दोन-अडीच आठवडे आधीच धुक्याआडून निघून गेले होते. त्या धुक्यात स्वतःच्याच माणसांवर गोळ्या चालल्या. उंचावरच्या चौकीत मी तीन हिवाळे काढलेत. दिवसचे दिवस पांढऱ्याशिवाय रंग दिसत नाही, तेव्हा माणूस हातांना काम शोधतो. कुणी खोक्याच्या फळ्यांचा कॅरम करतो, कुणी चाकूने काठीवर नक्षी काढतो. आमचा एक लातूरकडचा जवान देवदाराच्या फळीतून बुद्धिबळाची प्यादी कोरायचा. बत्तीसच्या बत्तीस पुरी केली त्याने.

फौजेतून आल्यावर पहिलं वर्ष अवघड असतं. हुकूम नाही, घंटा नाही. आमच्या खडकीत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, 1917 पासून जायबंदी जवानांना हातचं काम शिकवतात. तिथे मी पाहिलंय, हाताला नेम सापडला की माणूस रात्री झोपायला लागतो. तुमच्या मलूफना परत आल्या आल्या लाकूड भेटलं, हे त्यांचं भाग्य.

नस्ती_उठाठेव

लेख आवडला, पण एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. मी व्हिडिओ पाहिले. मोठा बँडसॉ (पट्टीसारखं पातं फिरणारी यंत्रकरवत), ग्राइंडर, लाकूड कोरायचा राउटर, सगळी यंत्रं. शिवाय पायाच्या सांध्यात चक्क स्क्रू. आमच्याकडे संगमेश्वरला जुने सुतार म्हणायचे, कुसू, म्हणजे भोकात बसणारं लाकडाचं टोक, नीट बसलं तर खिळा कशाला? मग ही हस्तकला कशी?

वाकस

@नस्ती_उठाठेव, शंका रास्त आहे. मी पुण्यात फर्निचर करतो, आणि त्यांच्या पद्धतीची डुलती खुर्ची शिसवीत एकदा आणि सागात दोनदा करून पाहिली आहे. सांध्याचं सांगतो.

साध्या खुर्चीत पायाला कुसू असतं आणि बैठकीच्या चौकटीला भोक. बैठक वरून ठेवलेली. मलूफच्या खुर्चीत चौकटच नाही. बैठक म्हणजे जाड फळ्या जोडून केलेला एकच पाट. त्याच्या कडेला चौकोनी खाच घेतात, खाचेच्या तिन्ही बाजूंना जीभ ठेवतात आणि पायाला तशाच घळी पाडतात. पाय बाजूने आत सरकतो आणि तीन अंगांनी अडकतो. पायाचा आतला कोपरा ज्या गोलाईचा, बैठकीच्या कडेची गोलाई तंतोतंत तीच, म्हणून फट दिसत नाही. डिंकाचा धर मोठा, वर स्क्रू, आणि स्क्रूच्या डोक्यावर आबनूसचं काळं बूच. ते बूच त्यांनी लपवलं नाही, सरळ दिसू दिलं. स्क्रू आहे तर आहे.

खरं काम याच्यानंतर सुरू होतं. इथवर खुर्ची ओबडधोबड असते. मग कानस, खरवडणी, पॉलिश पेपर. सांध्यावर मुद्दाम जादा लाकूड ठेवलेलं असतं, ते उतरवत उतरवत पाय बैठकीत असा मिसळवायचा की फांदी खोडातून निघावी तसा दिसला पाहिजे. यंत्राचं काम दोन दिवसांत उरकलं आणि हे करायला मला तीन आठवडे लागले. दुसऱ्या खुर्चीला डाव्या हाताच्या टेकूवर मी एक कानस जास्त मारली, रेष तुटली, ती आजही डोळ्यांत खुपते. गिऱ्हाइकाच्या लक्षात आलेलं नाही.

पाठीच्या काठ्यांबद्दलही सांगतो. त्या सरळ नसतात. कमरेच्या जागी पुढे येतात, वर मागे झुकतात, आणि पातळ असल्याने टेकल्यावर थोड्या लवतात. पाठ आपोआप जागेवर बसते. खालच्या डुलत्या पट्ट्या म्हणजे पातळ कामट्या एकावर एक डिंकाने चिकटवून साच्यात वळवलेल्या. त्यांची मागची शेपटी लांब निघते, त्यामुळे कितीही रेललात तरी खुर्ची उलटत नाही. ती लांब शेपटी नजरेला सुखावते आणि जीवही सांभाळते.

नस्ती_उठाठेव

समजलं. आता तो व्हिडिओ वेगळ्या नजरेने पाहिला. आभार, दादा. रेष तुटलेल्या टेकूचा फोटो असेल तर टाका, शिकायला मिळेल.

तळकोकणी

वाकसदादा, हा प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवणार आहे.

बँडसॉचं राहिलंच. खुर्चीच्या हाताचा ठोकळा मलूफ टेबलावर न टेकवता दोन्ही हातांत अधांतरी धरून पात्यावर फिरवत आणि दोन दिशांची गोलाई एका दमात काढत. शिकायला आलेल्यांना मात्र बजावत, की हे कुणी करू नका. इथल्या वाचकांनाही तेच सांगतो. पातं लाकडात अडकलं तर बोटं जातात.

एक मात्र त्यांनी कायम नाकारलं. त्यांच्या खुर्च्या कारखान्यात हजारोंनी काढायच्या म्हणून मोठमोठ्या रकमा घेऊन लोक आले. त्यांनी दिल्या नाहीत. दोन-तीन मदतनीस होते, घासकाम, पॉलिश ते करत, पण आकार काढायचा तो स्वतः. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं थांबायचं. प्रत्येक वस्तूखाली सही, साल आणि त्या सालातला क्रमांक.

आता त्या घराची गोष्ट. ते उभं होतं नेमकं 210 क्रमांकाच्या महामार्गाच्या आखणीवर. इतकी वर्षं खोली-खोलीने वाढवलेलं घर रस्त्याखाली जाणार होतं. ऐतिहासिक वास्तू म्हणून ते वाचवायचं ठरलं आणि अख्खं घर, कारखान्यासकट, तुकड्यांनी उचलून पाचेक किलोमीटरवर नव्या जागी नेलं. पण त्याआधीच, 1998 मध्ये अल्फ्रेडा गेल्या. पन्नास वर्षांचा संसार. मलूफ तेव्हा ब्याऐंशीचे. ज्या घरात ती वावरली ते घर त्यांच्या डोळ्यांदेखत उचललं गेलं आणि ते शेजारी नवीन घर बांधून राहायला गेले. 2001 मध्ये त्यांनी पुन्हा लग्न केलं. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या रेनविक गॅलरीत त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरलं. त्यानंतरही आठ वर्षं ते काम करत राहिले.

धरणाखाली गेलेल्या गावांमधली माणसं इथे असतील. त्यांना हे मी वेगळं सांगायला नको. घर हलवता येतं, अंगण हलवता येत नाही. नव्या जागेवर लिंबाची झाडं आहेत, पण ती त्या दोघांच्या काळातली नव्हेत.

धुळाक्षर

अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलो, म्हणून एक धागा जोडतो. अमेरिकन लाकूडकामात मलूफसोबत हमखास घेतलं जाणारं दुसरं नाव जॉर्ज नाकाशिमा. त्यांचं भारताशी नातं जुनं. तीसच्या दशकात पाँडिचेरीला अरविंदाश्रमाच्या गोलकोंड इमारतीवर त्यांनी काम केलं. श्रीअरविंदांनी त्यांचं नाव सुंदरानंद ठेवलं. पुढे 1964 मध्ये ते एनआयडीत आले आणि तिथे त्यांनी फर्निचर केलं. ते पाहत आम्ही मोठे झालो.

1942 साल डोळ्यांपुढे आणा. लेबनीज स्थलांतरितांचा मुलगा अमेरिकी गणवेशात. आणि जपानी आईवडिलांचा, अमेरिकेतच जन्मलेला नाकाशिमा बायको आणि तान्ह्या मुलीसह आयडाहोच्या मिनिडोका छावणीत, जिथे अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना डांबलं होतं, तारेच्या कुंपणात. तिथेच एका जपानी सुताराच्या हाताखाली तो पारंपरिक अवजारं आणि सांधे शिकला. एकाच लढाईने दोघांना दोन टोकांना नेलं आणि दोघंही लाकडापाशी आले. नाकाशिमा झाडाची कड जशीच्या तशी ठेवायचा, भेग पडली तर तिच्यावर फुलपाखरी सांधा, म्हणजे फुलपाखराच्या आकाराचा लाकडी तुकडा, बसवायचा. मलूफ लाकूड घासून घासून हाडासारखं गुळगुळीत करायचा. मला स्वतःला नाकाशिमा जास्त जवळचा. पण बसायला द्याल तर मलूफचीच खुर्ची द्या.

खडकीवाला

@धुळाक्षर, छावणीचं माहीत नव्हतं. वाचून गप्प झालो.

सावंतवाडीची

आमच्या चितारआळीत अजून लाकडी फळं आणि खेळणी होतात. लहानपणी आजोबा पांगाऱ्याचं हलकं लाकूड घेऊन भातुकली करायचे. बाहुलीघराचा उल्लेख वाचला आणि लाखेचा वास आला. तळकोकणी, बाबा अजून काम करतात का?

मीरा_बॉस्टन

इथल्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये मलूफ यांचं काम आहे, आणि त्यावर बसता येतं! सत्तरच्या दशकात म्युझियमने ठरवलं की लोकांना बसायला दालनांमध्ये चांगल्या कारागिरांची बाकं ठेवायची. पहिली बारा बाकं-खुर्च्या मलूफ यांच्याकडून करून घेतली. विद्यार्थिनी असताना दिवसभर फिरून पाय दुखले म्हणून मी एका अक्रोडी बाकावर टेकले आणि कितीतरी वेळ उठले नाही. मला वाटलं होतं गुळगुळीत लाकूड गार लागेल. लागलं नाही. हाताच्या कडेवरून मी नकळत बोट फिरवत होते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, तेही तेच करत होते. नाव मी नंतर पाटीवर वाचलं.

वाकस

म्युझियममध्ये पाटीवर ‘हात लावू नका’ ऐवजी ‘बसा’ म्हणणं! खुर्ची करणाऱ्याला यापेक्षा काय हवं असतं. मीराताई, ते बाक घासून घासून अजून छान झालं असणार.

तळकोकणी

@सावंतवाडीची, बाबा आता ब्याऐंशीचे आहेत. मोठं काम सोडलं. सकाळी तासभर पडवीत बसून कुणाच्या विळीचा पाट, कुणाचं पावसात फुगलेलं दार, एवढं करतात. रंधा स्वतः पाजळतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत.

काल रात्री फोनवर त्यांना हा सगळा धागा वाचून दाखवला. त्यांना अट्टू, किस्का, मॅकआर्थर यात काही रस वाटला नाही. वाकसदादांचा सांधा मात्र दोनदा वाचायला लावला. मग कडीचे फोटो पाठवले. भावाने मोबाइल त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाले, “ह्या काम घाईचा न्हय.”

शाळेच्या अर्जाचं मी त्यांना पहिल्यांदाच बोलून दाखवलं. “माका म्हायत होता,” एवढंच म्हणाले, आणि विषय परत खुर्चीवर नेला. त्यांचा एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मला देता आलं नाही, कारण इथल्या घरात मी खुर्च्या नुसत्या पाहिल्या. म्हणून मीराताई, तुम्हाला विचारतो. बाबांचे शब्द जसेच्या तसे : “ती बॉस्टनची बाय त्येच्यार बसली ना? मगे तिका इचार, बसल्यार पाय भुयक टेकतत काय?”

मीरा_बॉस्टन

बाबांना सांगा, माझी उंची पाच फूट एक इंच. अमेरिकेत आल्यापासून जवळपास प्रत्येक खुर्चीवर माझ्या टाचा अधांतरी राहतात. त्या बाकावर टेकल्या होत्या. दोन्ही.